दीड एकराचा कागद : वसाहतोत्तर समीक्षेच्या मराठी वापराविषयी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आणि शोधप्रबंधांत ‘वसाहतोत्तर’ हा शब्द आता पुरता रुळला आहे. इतका, की त्याची व्याख्या करण्याची गरज फारशी कोणाला वाटेनाशी झाली आहे. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एडवर्ड सैद, होमी भाभा, गायत्री स्पिवाक ही नावे ओळीने येतात. दुसऱ्या प्रकरणापासून ती माणसे पुन्हा भेटत नाहीत, आणि भेटली नाहीत याची खंत मार्गदर्शकालाही नसते. मात्र या नामावळीमागोमाग एक गृहीतक प्रबंधात शिरते आणि शेवटच्या पानापर्यंत मुक्कामाला राहते. वसाहतवादाने केलेली मुख्य इजा ही भाषेला आणि जाणिवेला झालेली इजा होय. म्हणून वसाहतोत्तर समाजातील परिवर्तनाचा मुख्य प्रश्न हा स्वभाषेच्या आणि स्वसंस्कृतीच्या पुनःप्राप्तीचा प्रश्न होय, असे ते गृहीतक आहे. जमीन, मजुरी, कर्ज, बाजारभाव हे अर्थशास्त्राच्या विभागाचे विषय. साहित्यसमीक्षेत त्यांना ‘पार्श्वभूमी’ या शीर्षकाखाली एक परिच्छेद दिला की कर्तव्य संपते.

ही वाटणी केवळ सोयीची असती तर तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नव्हते. अभ्यासविषयांना सीमा असतातच. परंतु ही वाटणी साहित्यकृतीचे वाचनच चुकवते. ज्या संहिता तिच्या समर्थनार्थ पुढे केल्या जातात त्याच तिच्यामुळे अर्धवट वाचल्या जातात. हा आरोप गंभीर आहे आणि तो एका ठळक उदाहरणावर तपासून पाहणे इष्ट ठरेल.

स्वभाषावादी वसाहतोत्तर समीक्षेचा हमखास बोलावला जाणारा साक्षीदार म्हणजे केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कथा आपल्या वर्गांमधून ज्या रीतीने सांगितली जाते ती अशी : इंग्रजीत कीर्ती मिळवलेल्या या कादंबरीकाराने गिकुयू या मातृभाषेत लेखन सुरू केले, त्याबद्दल स्वतंत्र केनियाच्या सरकारने त्यांना विनाचौकशी तुरुंगात टाकले, तुरुंगात त्यांनी शौचालयातील कागदावर गिकुयू कादंबरी लिहिली, आणि पुढे १९८६ मध्ये ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ या पुस्तकाने इंग्रजीतील आपल्या वैचारिक लेखनालाही निरोप दिल्याचे जाहीर केले. यातील तपशील खोटा नाही. तरीही कथा खोटी आहे, कारण ज्या नाटकामुळे तुरुंगवास घडला त्या नाटकात काय होते, हे तिच्यात कोठेच येत नाही.

नैरोबीजवळच्या लिमुरू भागातील कामिरिथू हे गाव आणीबाणीच्या काळात, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, ब्रिटिशांनी सक्तीने वसवलेल्या वस्त्यांपैकी एक. तेथील रहिवासी चहाच्या मळ्यांवर किंवा पादत्राणांच्या बहुराष्ट्रीय कारखान्यात काम करणारे, आणि पुष्कळसे भूमिहीन. तेथील प्रौढ साक्षरतेच्या उपक्रमातून ‘न्गाहिका न्देंडा’ हे नाटक उभे राहिले. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरीई यांनी त्याची संहिता लिहिली, गावकऱ्यांनी ती तालमींत दुरुस्त केली, खुले नाट्यगृह स्वतः बांधले, आणि २ ऑक्टोबर १९७७ रोजी प्रयोग सुरू झाले. १६ नोव्हेंबर रोजी परवाना रद्द झाला. डिसेंबर संपता संपता न्गुगी वा थिओंगो अटकेत होते.

नाटकाचा नायक किगूंडा हा शेतमजूर आहे. त्याच्या झोपडीच्या भिंतीवर दीड एकर जमिनीच्या मालकीचा कागद टांगलेला आहे. अहाब किओई हा त्याचा धनिक मालक चर्चमधील प्रतिष्ठित. तो आणि त्याची पत्नी किगूंडाला पटवतात की त्याचे जुन्या रीतीने झालेले लग्न पापमय आहे, ते चर्चमध्ये पुन्हा लावले पाहिजे. लग्नाच्या खर्चासाठी किगूंडा बँकेचे कर्ज काढतो आणि तारण म्हणून भिंतीवरचा तो कागद देतो. ज्या बँकेकडून कर्ज मिळते तिच्या कारभारात किओईचा हात असतो. कर्ज फिटत नाही, जमिनीचा लिलाव होतो, आणि ती किओईच घेतो. या कथानकात चर्च आहे, लग्नविधी आहे, गाणी आणि म्हणी आहेत. आपली समीक्षा त्यांच्याविषयी भरभरून बोलू शकेल. परंतु सगळ्या घटना ज्या वस्तूभोवती फिरतात ती वस्तू तो टांगलेला कागद होय, आणि त्याच्याविषयी बोलण्यासाठी लागणारी परिभाषा तिच्याजवळ नाही.

त्या कागदाला इतिहास आहे. माऊ माऊ उठाव दडपला जात असताना, १९५४ मध्ये, स्विनर्टन योजना आली. विखुरलेल्या जमिनींचे एकत्रीकरण करावे, आफ्रिकी शेतकऱ्याला नोंदणीकृत वैयक्तिक मालकी द्यावी, आणि त्या मालकीच्या आधारावर कर्ज मिळावे, असे तिचे सूत्र होते. यातून सधन शेतकरी आणि भूमिहीन असे दोन वर्ग निर्माण होतील हे योजनेच्या कर्त्यांना ठाऊक होते. त्यांना ती देशाच्या उत्क्रांतीची स्वाभाविक पायरी वाटत होती. नोंदणी चालू असताना अनेक उठावकर्ते छावण्यांत डांबलेले होते. पुढे १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वातंत्र्य आले तेव्हा गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या जमिनी हस्तांतरित झाल्या त्या किंमत मोजून, आणि त्यासाठी उभारलेल्या कर्जाचा बोजा नव्या शेतकऱ्यांवर पडला. किगूंडाच्या भिंतीवरचा कागद हा या सगळ्याचा अवशेष आहे. वसाहतवादाने लिहिलेला आणि स्वातंत्र्याने जसाच्या तसा चालू ठेवलेला असा तो दस्तऐवज आहे. वसाहतोत्तर या शब्दाला काही नेमका अर्थ असेल तर तो येथे आहे.

यावर स्वभाषावाद्यांचा एक आक्षेप येईल आणि तो टाळता येण्याजोगा नाही. न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी त्याच वर्षी, १९७७ मध्येच, प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्योत्तर सत्ताधाऱ्यांवर तिच्यात केलेली टीका नाटकापेक्षा सौम्य नव्हती. तिच्या प्रकाशन समारंभाला अर्थमंत्री म्वाई किबाकी हजर राहिले. कादंबरीचा सत्कार आणि नाटकाला बंदी. लेखक तोच, वर्ष तेच, आशयाचे सूत्र तेच. मग भाषा हाच फरक नव्हे काय?

आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यासाठी एक गोष्ट विसरावी लागते. गिकुयू भाषेचे सरकारला भय असते तर रविवारची गिकुयू प्रवचने आधी बंद पडली असती. ज्यांच्या राजवटीत न्गुगींना अटक झाली ते राष्ट्राध्यक्ष जोमो केन्यात्ता स्वतः गिकुयूभाषक होते, १९२८ मध्ये सुरू झालेल्या ‘म्विग्विथानिया’ या गिकुयू नियतकालिकाचे संपादक होते. एवढेच नव्हे, तर मालिनोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली लंडनमध्ये अभ्यास करून त्यांनी १९३८ मध्ये ‘फेसिंग माउंट केनिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गिकुयू समाजाची जमीनधारणा, कुटुंबसंस्था, दीक्षाविधी, धर्म यांचे आतून केलेले आणि अभिमानपूर्वक मांडलेले ते समर्थन आहे. आपल्याकडील परिभाषेत बोलायचे तर आफ्रिकी देशीवादाचा तो आद्य ग्रंथ ठरेल. तर मग देशीवादाच्या आद्य ग्रंथकाराच्या राजवटीनेच देशी भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला तुरुंगात टाकले, या घटनेचा उलगडा स्वभाषावाद कसा करणार? भाषेच्या दोन्ही बाजूंना तीच भाषा आहे. फरक एवढाच, की कामिरिथूमध्ये ती मळ्यावरील मजुरांच्या आणि कारखान्यातील कामगारांच्या तोंडी होती, ते आपल्या मजुरीचा हिशेब तिच्यातून जाहीरपणे मांडत होते आणि रंगमंच त्यांच्या मालकीचा होता. १९८२ मध्ये सरकारने कामिरिथूचे नाट्यगृह जमीनदोस्त केले. भाषा जमीनदोस्त करण्याची गरज त्याला भासली नाही.

स्वतः न्गुगींनी हे लपवलेले नाही. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’मधील भाषाविवेचन ज्या क्रमाने येते तो क्रम बोलका आहे. मार्क्सचा आधार घेऊन ते प्रथम श्रमातील परस्परसंबंधांच्या भाषेविषयी बोलतात, मग उच्चारित आणि लिखित भाषेविषयी, आणि त्यानंतर संस्कृतिवाहक भाषेविषयी. आपल्या प्रबंधांतून उद्धृत होतो तो फक्त शेवटचा टप्पा. पायऱ्या काढून घेऊन गच्ची दाखवण्याचा हा प्रकार आहे.

या विपर्यासाचे मूळ ‘वसाहतोत्तर’ या शब्दाच्या प्रवासात शोधता येते. साहित्यविभागांत येण्यापूर्वी हा शब्द राजकीय अर्थशास्त्रात वावरत होता. १९७२ मध्ये हमजा अलवी यांनी पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या संदर्भात वसाहतोत्तर समाजांतील राज्यसंस्थेविषयी लिहिलेल्या निबंधात त्याला निश्चित आशय होता. वसाहतकालीन सत्तेने मायदेशातील भांडवलदारांच्या गरजेनुसार येथे अवाढव्य नोकरशाही व लष्करी यंत्रणा उभारली. स्वातंत्र्यानंतर ती यंत्रणा येथील समाजाच्या मानाने अतिविकसित अवस्थेत मागे राहिली, आणि साम्राज्यवादी भांडवल, देशी भांडवल व जमीनदार या तीन मालमत्ताधारी वर्गांमध्ये मध्यस्थी करीत तिने सापेक्ष स्वायत्तता मिळवली, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन वर्षांनी जॉन सॉल यांनी हे प्रतिपादन टांझानियाला लावून तपासले. केनियाच्या बाबतीत कॉलिन लेज यांनी १९७५ च्या ग्रंथात देशी धनिक वर्ग हा परकीय भांडवलाचा आश्रित असल्याचे मांडले आणि अवघ्या तीन वर्षांत आपले मत बरेचसे फिरवले : हा वर्ग स्वतःच्या बळावर संचय करणारा आहे, त्याची मुळे वसाहतकाळात आणि त्याही आधी आहेत, असे त्यांना आढळले. या मतांतरावरून अभ्यासकांमध्ये दीर्घ वाद झाला. अहाब किओई हा आश्रित की स्वयंभू, असे त्या वादाचे एका वाक्यात रूपांतर करता येईल. नाटकाच्या समीक्षकाला याहून उपयुक्त प्रश्न कोणता हवा? आणि हा प्रश्न नाटक रंगत होते त्याच वर्षांत विचारला जात होता.

१९८९ मध्ये ‘द एम्पायर राइट्स बॅक’ हे ॲशक्रॉफ्ट, ग्रिफिथ्स आणि टिफिन यांचे पुस्तक आले. वसाहतीकरणाच्या क्षणापासून आजपर्यंत साम्राज्यप्रक्रियेचा परिणाम झालेली सर्व संस्कृती म्हणजे वसाहतोत्तर, असा व्यापक अर्थ त्याने रूढ केला. या व्याख्येत ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाही सामावतात. जमीन बळकावणाऱ्यांचे वंशज आणि जमीन गमावणाऱ्यांचे वंशज एकाच प्रकरणात शेजारी शेजारी बसतात, कारण दोघांनाही मायदेशाच्या इंग्रजीशी झगडावे लागले. शब्द पसरला आणि पातळ झाला. याविरुद्ध एजाज अहमद यांनी १९९२ मध्ये, आरिफ दिर्लिक यांनी १९९४ मध्ये आणि विवेक छिब्बर यांनी २०१३ मध्ये केलेली टीका मराठीत अपरिचित नाही. पण तिचे झाले असे, की ती नावेही पहिल्या प्रकरणातील ओळीत जाऊन बसली.

केनियातून महाराष्ट्रात येण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कारण दीड एकराच्या कागदाचा भाऊबंद आपल्याकडे शंभर वर्षे आधी जाळला गेला आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि तो उद्रेक पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नोंदलेल्या या घटनांचे वैशिष्ट्य असे, की दंगेखोरांना माणसांपेक्षा कागद हवे होते. खतपत्रे, रोखे आणि हुकूमनामे ताब्यात घेऊन जाळणे हा त्यांचा मुख्य उद्योग होता. त्यामागचे कारण १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात सापडते. रोख्याची मुदत तीन वर्षांची झाल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या मुद्दलात मिळवी. दिवाणी न्यायालय त्या कागदापलीकडे पाहत नसे. ऋणको हजर नसला तर एकतर्फी हुकूमनामा होई. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते आणि सारा फेरआकारणीत वाढला होता.

येथे स्वभाषावादी समीक्षेची खरी कोंडी होते. हे रोखे कोणत्या भाषेत होते? बहुधा ऋणकोच्याच भाषेत. मराठी मुलखातील व्यवहाराची लिपी प्रामुख्याने मोडी होती. ती लिहिणारा आणि ज्याच्या नावे लिहिले जाई तो हे दोघे एकच बोली बोलत. इंग्रजी कोठेही मध्ये नव्हती. तरी त्या कागदातला प्रत्येक शब्द वसाहतकालीन होता, कारण त्याच्यामागे मुदतीचा कायदा, मुद्रांक, दिवाणी न्यायालय आणि जप्ती उभी होती. स्वभाषेत लिहिलेला मजकूर हा त्या कारणाने स्वतःचा मजकूर ठरत नाही, ही गोष्ट सुप्याच्या निरक्षर शेतकऱ्याला कळली होती.

दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाच्या अहवालातून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने न्यायालयाला कागदाच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला : पहिली रक्कम किती, व्याज कितीदा मुद्दलात मिसळले, रोखा कितव्यांदा बदलला. शब्दांकित मजकुरावर न थांबता त्याच्या घडणीपर्यंत जाण्याची ही रीत, निदान तत्त्वतः, ग्रामीण दिवाणी न्यायाधीशाकडून अपेक्षित होती. विद्यापीठातील समीक्षकाकडून ती अपेक्षा ठेवणे जास्तीचे होईल असे वाटत नाही.

या कायद्याखालील खटल्यांचे काम न्या. महादेव गोविंद रानडे यांनी अनेक वर्षे पाहिले. याच रानड्यांनी लोकहितवादींसह १८७८ मध्ये मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. आणि १८८५ मध्ये अशाच सभेचे निमंत्रण आले असता जोतीराव फुल्यांनी ते नाकारणारे पत्र लिहिले. ते पत्र मराठीच्या प्रत्येक विभागात शिकवले जाते. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या इतिहासाचा आरंभ अनेकदा त्याच्यापासून केला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी फुल्यांनी ‘इशारा’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, या आशयाच्या रानड्यांच्या मताचा तिच्यात समाचार घेतलेला आहे. पत्र आणि पुस्तिका एकाच माणसाची, एकाच वर्षातील, एकाच प्रतिस्पर्ध्याला उद्देशून केलेली दोन विधाने आहेत. ग्रंथकारांशी आपले जमणार नाही असे फुले का म्हणतात, हे कुणबी कर्जात का बुडतो याविषयीच्या मतभेदापासून अलग करता येत नाही. आपल्या अभ्यासक्रमाने ते अलग केले. पत्र वाङ्मयाच्या वाट्याला आले, पुस्तिका कोणाच्याच वाट्याला आली नाही. परिणामी पत्रातील बाणेदारपणाचे कौतुक होते आणि त्याचा आधार मात्र अदृश्य राहतो.

१८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’चेही असेच झाले आहे. त्यात शेतकऱ्याला लुटणारे जे हात दाखवले आहेत ते एका रंगाचे नाहीत. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींतून दक्षिणा काढणारा भट, कचेरीतील भट कामगार, सावकार, जंगलखाते, सारा वाढवणारा आणि हाताखालच्यांवर विसंबून ऐषआरामात राहणारा गोरा अधिकारी, यांची साखळी तेथे आहे. वसाहतकर्ता आणि वसाहतीतील प्रजा या द्वंद्वात ही मांडणी बसत नाही. शिवाय फुल्यांना इंग्रजीचा सल नाही. हंटर आयोगापुढील १८८२ च्या निवेदनात त्यांची मागणी शिक्षण खालच्या थरांपर्यंत पोचवण्याची आहे. तेव्हा आपली वसाहतोत्तर समीक्षा फुल्यांपाशी आली की गोंधळते. कधी त्यांना ‘वसाहतवादाने घडवलेली जाणीव’ म्हणते, कधी घाईने त्यांना ‘प्रतिरोधा’च्या रकान्यात भरते. राज्य परकी असताना शोषण कोणकोणत्या देशी हातांतून वाहते, हा फुल्यांचा प्रश्न अलवींच्या प्रश्नाचा नव्वद वर्षे आधीचा पूर्वज आहे, असे म्हणण्याचे धैर्य मात्र तिला होत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मराठी समीक्षेला एक मोठी गोष्ट दिली, ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. उसन्या अभिरुचीचा दरारा त्याने मोडला. महानुभाव आणि वारकरी गद्यपद्याला समीक्षेच्या केंद्रस्थानी आणले. देशीवाद म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे हेही बजावले. तरी ‘देशी’ म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न त्याने आर्थिक अर्थाने कधी विचारला नाही. गावगाड्याचेच उदाहरण घ्यावे. वतन आणि बलुते ही देशी व्यवस्थेची खूण मानली जाते. पण ज्या महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले ते वतन त्या वेळी १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने बांधलेले होते. सेवेची सक्ती, तुटपुंजा मोबदला आणि जमिनीचा तुकडा यांची ती गाठ ब्रिटिश विधिमंडळाने कायद्याच्या कलमांत घालून पक्की केली होती. ती सोडवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. जे आज परंपरेचे म्हणून पुढे येते त्याच्या अंगावर असे किती शिक्के आहेत, हे पाहिल्याविना देशीयतेचा गौरव करणे धोक्याचे आहे. केन्यात्तांच्या ग्रंथातही गिकुयू जमीनधारणेचे सुंदर प्रकरण आहे.

विशेष असे, की मराठीत एक वसाहतोत्तर सिद्धान्त साहित्यविभागांच्या बाहेर, बाजार समित्यांच्या आवारात आणि रस्त्यावर तयार झाला. १९८० च्या कांदा व ऊस आंदोलनांपासून शरद जोशी यांनी ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही मांडणी केली. गोरा इंग्रज गेला तरी शेतमालाचे भाव पाडून भांडवलसंचय करण्याची वसाहती रीत चालूच राहिली, हे तिचे सार. अडत्याने हाती दिलेल्या पट्टीवर विक्रीची रक्कम हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता उणे निघते आणि शेतकऱ्यालाच पैसे भरावे लागतात, या ‘उलट्या पट्टी’च्या अनुभवातून तिला बळ मिळाले. पुन्हा एक कागद. ही मांडणी चुकीची असेल. तिच्यातील ‘भारत’ फार सरसकट आहे, भाव वाढला तर मजुराची मजुरी वाढेलच याची तिने दिलेली हमी कच्ची आहे, हे आक्षेप रास्त आहेत. शरद पाटील यांनी जात आणि वर्ग यांची सांगड घालणारी निराळी मांडणी केली आणि १९८८ मध्ये ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून ती थेट समीक्षेच्या दारात आणून ठेवली. दोघांशीही वाद घालता आला असता. पण वसाहतोत्तर सिद्धान्तावरील मराठी प्रबंधाच्या नामावळीत या दोन्ही शरदांना क्वचितच जागा मिळते. भाभांच्या ‘संकरा’वर दहा पाने आणि उलट्या पट्टीवर एक ओळही नाही, ही वाटणी भाषेच्या स्वातंत्र्याविषयी बोलणाऱ्यांनी करावी यातला विनोद कडवट आहे.

आता याला अर्थवाद म्हटले जाईल. साहित्याला आर्थिक वास्तवाचा आरसा समजणारी, कलाकृतीचे घाट आणि शैली गुंडाळून ठेवणारी जुनी प्रतिबिंबवादी समीक्षाच मागल्या दाराने आणली जात आहे, असे सांगितले जाईल. त्या समीक्षेने मराठीत केलेले नुकसान खरे आहे आणि तिच्या पुनरागमनाची कोणी वाट पाहत नाही. परंतु येथे मागणी उलट आहे. कागद हा मजकूर आहे. त्याला लेखक, वाचक, साक्षीदार, लिपी, घाट, पाठभेद सर्व काही आहे. भिंतीवर टांगलेला मालकीहक्काचा दस्तऐवज ही रंगमंचावरील वस्तू आहे, ती कधी दिसते, कोण तिच्याकडे पाहते, कोणत्या अंकात ती जागेवरून निघते, हे सर्व नाट्यसमीक्षेचेच विषय आहेत. साहित्याभ्यासकाने अर्थशास्त्रज्ञ व्हावे असे कोणी म्हणत नाही. त्याने संहितेत असलेल्या गोष्टी वाचाव्यात, एवढेच म्हणणे आहे.

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही १९७१ ची कादंबरी या दृष्टीने पुन्हा उघडण्याजोगी आहे. तिचा निवेदक नारबा हा गडी आहे. मालकाच्या शेतावरील जनावरे हाच त्याचा गोतावळा. शेतावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरे एकेक करून जातात. कादंबरीच्या बोलीची, प्रतिमांची, निसर्गाशी असलेल्या एकात्मतेची वाखाणणी भरपूर झाली आणि तिला ती शोभतेही. यंत्रयुगाच्या आगमनाने हरवलेले ग्रामजीवन, हा तिचा ठरून गेलेला अन्वयार्थ आहे. या अन्वयार्थात ट्रॅक्टर आभाळातून पडल्यासारखा येतो. जमीन तारण ठेवता येणाऱ्यालाच यंत्रासाठी कर्ज मिळू शकते, म्हणून शेतीतील हा बदल मालकाच्या दाराशी भांडवल म्हणून आणि नारबाच्या दाराशी बेकारी म्हणून पोचतो, हे त्या वाचनात उमटत नाही. किगूंडाजवळ निदान गमावण्यासाठी दीड एकर होते. नारबाजवळ काय आहे? एक बोली आहे, आणि समीक्षेने तिलाच त्याची संपत्ती म्हणून गौरवले. सालगड्याच्या नावाचा सातबारा नसतो, रोखा नसतो, अडत्याची पट्टी नसते. त्याचे साल ठरते ते पाडव्याला, मालकाच्या ओट्यावर, तोंडी, आणि त्याच बोलीत.